दातांचे क्ष-किरणचित्र कितीदा? : वारंवारतेच्या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा (अंधेरी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

दंतवैद्यकाच्या इतिहासात क्ष-किरणांच्या शोधाला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे त्या किरणांच्या वापराच्या वारंवारतेला दिले गेलेले नाही. शोध, शोधक आणि यंत्रे यांची माहिती पाठ्यपुस्तकांत सहज आढळते. मात्र दातांचे क्ष-किरणचित्र एकदा काढल्यानंतर पुन्हा केव्हा काढावे, हा रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा प्रश्न बहुधा 'सहा महिन्यांनी' किंवा 'वर्षातून एकदा' अशा ठोकळ उत्तराने मिटवला जातो. हे उत्तर कोठून आले, ते कोणत्या परिस्थितीत रूढ झाले आणि पुढे शास्त्राने ते का सोडून दिले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या विवेचनासाठी मुंबई उपनगर जिल्ह्याचा, त्यातही अंधेरी परिसराचा विशेष संदर्भ घेतला आहे. देशातील किरणोत्सर्गविषयक नियमन करणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्यालय अणुशक्तीनगर येथील नियामक भवनात, म्हणजे याच जिल्ह्यात आहे. नियम जेथे तयार होतो आणि तो जेथे पाळला जावा अशी अपेक्षा असते, ती दोन्ही ठिकाणे एकाच जिल्ह्यात असूनही त्यांच्यामध्ये काय घडते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

१. आरंभकाळ : पंचवीस मिनिटांचे चित्र

विल्हेल्म रोंटगेन यांना जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला आणि डिसेंबरच्या अखेरीस तो त्यांनी जाहीर केला. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, ब्राउनश्वाइग येथील ओट्टो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना सुमारे २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. आज हेच काम सेकंदाच्या अल्पांशात होते. यावरून आरंभीच्या काळात शरीरात किती मात्रा जात असेल याची कल्पना येते.

या काळात 'कितीदा' हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण धोक्याची जाणीवच नव्हती. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स हे यंत्राची जुळवणी करताना आपला हात किरणांसमोर धरीत. या सवयीने त्यांना कर्करोग जडला, आधी बोटे आणि पुढे हात गमवावा लागला आणि १९२८ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. याच्या उलट बोस्टन येथील दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे क्ष-किरण जीवघेणे ठरू शकतात असे दाखवून दिले होते. नळीभोवती शिशाचे आवरण असावे आणि किरणशलाका आवश्यक तेवढ्याच भागावर पडावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या समकालीनांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. इशारा देणारे आणि दुष्परिणाम भोगणारे असे दोघेही दंतवैद्यच होते, ही बाब लक्षणीय आहे.

२. तक्रार नसलेल्या रुग्णाचे चित्र

दात दुखतो म्हणून चित्र काढले, तर वारंवारतेचा प्रश्न येत नाही. दुखणे हेच चित्राचे कारण असते. तक्रार नसलेल्या माणसाचे चित्र काढण्याची प्रथा सुरू झाली तेव्हाच हा प्रश्न जन्माला आला. त्यामागे दोन कारणे दिसतात.

पहिले कारण 'केंद्रित जंतुसंसर्गा'चा सिद्धान्त हे होय. ब्रिटिश वैद्यक विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये माँट्रियल येथील व्याख्यानात तोंडातील दूषित केंद्रे शरीरातील अनेक दुर्धर रोगांना कारणीभूत होतात असे मांडले. संधिवातापासून मूत्रपिंडाच्या विकारापर्यंत अनेक रोगांचे मूळ दातांच्या मुळाशी शोधले जाऊ लागले. वरून निरोगी दिसणाऱ्या दाताखाली लपलेला गळू शोधण्याचे साधन म्हणजे क्ष-किरण. त्यामुळे संपूर्ण तोंडाचा चित्रसंच काढण्याला मोठी चालना मिळाली आणि त्याच्या जोडीने असंख्य दात उपटले गेले. पुढील दोन-तीन दशकांत हा सिद्धान्त त्याच्या टोकाच्या स्वरूपात मागे पडला, परंतु त्यातून लागलेली चित्रांची सवय मागे राहिली.

दुसरे कारण अधिक विधायक होते. हॉवर्ड रेपर यांनी १९२५ च्या सुमारास 'बाइटविंग' पद्धत प्रचारात आणली. तीत रुग्ण फिल्मचा छोटा पंख दातांत चावून धरतो आणि वरच्या व खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात. दोन दाढांच्या मधल्या फटीत लागणारी कीड डोळ्यांना दिसत नाही; ती या चित्रात दिसते. रेपर यांचा उद्देश उघडपणे प्रतिबंधात्मक होता. प्रतिबंधासाठी तपासणी करायची तर ती ठराविक काळाने करावी लागणार, आणि तो काळ किती असावा याचे उत्तर त्या वेळी कोणत्याही मोजमापावर आधारलेले नव्हते. दवाखान्याच्या सोयीने आणि सर्वसाधारण तपासणीच्या वेळापत्रकाने ते ठरत गेले.

३. धोक्याची मोजदाद

विल्यम कूलिज यांच्या १९१३ मधील तप्त-ऋणाग्र नळीमुळे किरणांवर नियंत्रण आले आणि यंत्रे अधिक भरवशाची झाली. त्याच सुमारास धोक्याचे आकलनही बदलू लागले. १९२७ मध्ये हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांमुळे फळमाशीच्या आनुवंशिक द्रव्यात बदल होतात हे सिद्ध केले. भाजणे, केस गळणे यांसारखे परिणाम एका मर्यादेनंतरच दिसतात. आनुवंशिक बदलाबाबत अशी सुरक्षित मर्यादा गृहीत धरता येत नाही, हा विचार येथून बळावला. १९२८ मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत किरणसंरक्षणाची समिती स्थापन झाली. १९५० मध्ये तिला आजचे 'आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोग' हे रूप मिळाले. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील अॅलिस स्ट्यूअर्ट यांनी गर्भावस्थेतील क्ष-किरण तपासणी आणि बालकांमधील कर्करोग यांचा संबंध दाखवला. तेव्हापासून अल्प मात्रेचा प्रश्न केवळ यंत्रावर काम करणाऱ्यांपुरता राहिला नाही, तो रुग्णाचाही झाला.

या प्रवासातील निर्णायक टप्पा म्हणजे आयोगाने १९७७ मध्ये मांडलेली त्रिसूत्री. समर्थनीयता, इष्टतमीकरण आणि मात्रामर्यादा अशी ती तीन तत्त्वे आहेत. किरणांचा प्रत्येक वापर समर्थनीय असावा; वापर करताना मात्रा वाजवीपणे साधेल तितकी कमी असावी; आणि व्यक्तीला मिळणारी एकूण मात्रा ठराविक मर्यादेबाहेर जाऊ नये. येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. तिसरे तत्त्व, म्हणजे मात्रामर्यादा, रुग्णाला लागू होत नाही. यंत्रावर काम करणाऱ्याला मर्यादा आहे, शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसालाही आहे. खुर्चीवर बसलेल्या रुग्णाला नाही. याचे कारण योग्यच आहे, कारण आजारी माणसाला आवश्यक तपासणी आकड्यामुळे नाकारता येऊ नये. परंतु त्याचा अर्थ असा की रुग्णाचे संरक्षण पहिल्या दोन तत्त्वांवरच, म्हणजे मुख्यतः दंतवैद्याच्या विवेकावर, अवलंबून राहते.

४. दिनदर्शिकेकडून कारणाकडे

हा विवेक कसा वापरावा याची लेखी चौकट १९८७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने तयार केली. पुढे अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या सहभागाने ती २००४ व २०१२ मध्ये सुधारण्यात आली. तिचे सूत्र असे की आधी तोंडाची प्रत्यक्ष तपासणी व रुग्णाचा पूर्वेतिहास, आणि त्यानंतरच चित्राचा निर्णय. २०१२ च्या शिफारशींनुसार नियमित तपासणीला येणाऱ्या, दंतक्षयाचा धोका नसलेल्या प्रौढांसाठी दोन बाइटविंग तपासण्यांतील अंतर २४ ते ३६ महिने सुचवले आहे. कीड लागलेल्या किंवा तिचा अधिक धोका असलेल्या प्रौढांसाठी हे अंतर ६ ते १८ महिने, तर तशा बालकांसाठी व किशोरांसाठी ६ ते १२ महिने आहे. धोका नसलेल्या बालकांसाठी ते १२ ते २४ महिने, आणि किशोरांसाठी १८ ते ३६ महिने आहे. युरोपीय आयोगाच्या २००४ मधील मार्गदर्शिकेचाही रोख हाच होता.

म्हणजे एकाच वयाच्या दोन शेजाऱ्यांसाठी योग्य अंतर सहा महिने आणि तीन वर्षे असे वेगवेगळे असू शकते. याला शरीरशास्त्रीय आधार आहे. दाताच्या बाह्य कवचातून आतील थरापर्यंत कीड पोहोचण्यास बहुतेक वेळा वर्षे लागतात. तसेच खनिजांचा बराच अंश, साधारणपणे ३० ते ४० टक्के, नाहीसा झाल्याखेरीज ती चित्रात स्पष्ट दिसत नाही. त्यामुळे धोका कमी असलेल्या व्यक्तीचे चित्र दर सहा महिन्यांनी काढल्याने नवीन माहिती क्वचितच हाती लागते.

वारंवारतेइतकेच महत्त्व तंत्राला आहे. २००८ मध्ये लडलो आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजमापानुसार, संपूर्ण तोंडाच्या चित्रसंचाची परिणामकारक मात्रा आयताकृती शलाका व जलद फिल्म वापरल्यास सुमारे ३५ मायक्रोसिव्हर्ट, गोल शलाका वापरल्यास सुमारे १७१ आणि गोल शलाकेसोबत जुनी मंद फिल्म वापरल्यास सुमारे ३८८ मायक्रोसिव्हर्ट भरते. आयताकृती शलाकेने घेतलेल्या चार बाइटविंग चित्रांची मात्रा सुमारे ५ मायक्रोसिव्हर्ट असते. नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा मायक्रोसिव्हर्ट आहे. या हिशेबाने चार बाइटविंग चित्रे एका दिवसाच्याही आत बसतात. पूर्ण संच मात्र तंत्रानुसार पाच दिवसांपासून जवळजवळ दोन महिन्यांपर्यंत जातो. रोलिन्स यांनी शतकापूर्वी सांगितलेली आवश्यक तेवढ्याच भागाची शलाका किती परिणामकारक आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

१९८७ मध्ये फ्रान्समधील फ्रान्सिस मुयाँ यांनी विकसित केलेल्या आरव्हीजी या अंकीय पद्धतीने प्रत्येक चित्राची मात्रा आणखी घटली. परंतु चित्र क्षणात दिसू लागल्याने आणि फिल्मचा खर्च उरला नसल्याने ते पुन्हा काढणेही सोपे झाले. एका चित्राची मात्रा कमी झाली म्हणून एकूण मात्रा कमी झाली, असे गृहीत धरता येत नाही.

२०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या आवरणातील गाठींच्या १,४३३ रुग्णांची तुलना निरोगी व्यक्तींशी केली असता, वारंवार बाइटविंग काढल्याचे सांगणाऱ्यांत अशा गाठींचे प्रमाण अधिक आढळले. या अभ्यासावर घेतलेला मुख्य आक्षेप असा की, किती चित्रे काढली याची माहिती केवळ रुग्णांच्या स्मरणावर आधारलेली होती. हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातून एक मूलभूत उणीवही उघड होते, ती अशी की माणसाच्या आयुष्यात दातांची किती चित्रे निघाली याची नोंद बहुधा कोठेच नसते.

५. भारतातील नियमन आणि मुंबई उपनगर

भारतातील पहिले दंत महाविद्यालय रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्ता येथे स्थापन केले. मुंबईत नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयाची सुरुवात १९३३ मध्ये झाली. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने व्यवसायाला नोंदणीची शिस्त लावली. २०२३ मध्ये त्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने संमत केला.

किरणसंरक्षणाचा प्रवाह मात्र वैद्यकातून नव्हे, तर अणुविज्ञानातून आला. १९५४ मध्ये तुर्भे येथे अणुऊर्जा संस्था सुरू झाली. १९६७ मध्ये तिला डॉ. होमी भाभा यांचे नाव देण्यात आले. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या आधारे १९७१ मध्ये किरणसंरक्षण नियम झाले, १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले आणि २००४ मध्ये नवे नियम आले. रोगनिदानाच्या क्ष-किरण यंत्रांसाठी मंडळाने सुरक्षा संहिता तयार केली. कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वार्षिक २० मिलिसिव्हर्ट आणि सर्वसामान्य जनतेसाठी वार्षिक १ मिलिसिव्हर्ट अशा मर्यादा ठरल्या. कर्मचाऱ्याच्या छातीवरील बिल्ला त्याची मात्रा मोजतो. रुग्णासाठी असा बिल्ला नाही, आणि पूर्वी सांगितल्याप्रमाणे मर्यादाही नाही.

नियम आणि वास्तव यांतील अंतर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१२ मधील अहवालाने समोर आणले. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ ५,२७० नोंदणीकृत होती. ५२,१७३ म्हणजे ९१ टक्के केंद्रे नियमनाच्या बाहेर होती. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक राज्यात किरणसुरक्षा संचालनालय असावे असे निर्देश दिले होते, तरी अहवालाच्या वेळी केरळ व मिझोराम या दोनच राज्यांत ते अस्तित्वात होते. हे आकडे सर्व प्रकारच्या वैद्यकीय यंत्रांचे आहेत, केवळ दंतवैद्यकाचे नाहीत. त्यानंतर मंडळाने ई-लोरा ही संगणकीय परवाना-प्रणाली आणून नोंदणीचा विस्तार केला. मात्र यंत्राची नोंदणी ही यंत्र सुरक्षित असल्याची हमी देते. ते कितीदा चालवावे हे ती सांगत नाही.

६. अंधेरीचा संदर्भ : अकरा महिने आणि छत्तीस महिने

१९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढून अंधेरी तीत समाविष्ट झाली आणि १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. १ ऑक्टोबर १९९० रोजी कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली या तीन तालुक्यांचा मुंबई उपनगर जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती. मरोळची औद्योगिक वसाहत, १९७३ मध्ये सुरू झालेले सीप्झ आणि २०१४ मध्ये धावू लागलेली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो यांमुळे अंधेरी हे येण्याजाण्याचे आणि बदलत्या वस्तीचे केंद्र बनले. मुंबईतील जुनी सार्वजनिक दंत महाविद्यालये मात्र दक्षिणेकडे, मुंबई सेंट्रल व फोर्ट परिसरात राहिली. उपनगरातील दंतोपचाराचा भार साहजिकच खासगी दवाखान्यांवर पडला.

या परिस्थितीचा वारंवारतेशी थेट संबंध आहे. धोका नसलेल्या प्रौढाचे पुढील चित्र २४ ते ३६ महिन्यांनी काढावे, या शिफारशीत आधीचे चित्र उपलब्ध आहे हे गृहीत आहे. तुलनेसाठी जुने चित्र हाती नसेल, तर नव्या दंतवैद्याला नवे चित्र काढावेच लागते, आणि त्याला दोष देता येत नाही. अंधेरीत भाड्याने राहणारी अनेक कुटुंबे मात्र अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर घर घेतात. चकाल्याहून जोगेश्वरीला किंवा लोखंडवालाहून मालाडला घर बदलले की दंतवैद्यही बदलतो. छत्तीस महिन्यांच्या अंतरात असे तीन करार होऊ शकतात. शास्त्राने सुचवलेले अंतर आणि वस्तीचे स्थैर्य यांचा येथे मेळ बसत नाही, आणि त्याची किंमत पुनरावृत्त चित्रांच्या रूपाने चुकती होते.

फिल्मच्या काळात या अडचणीला भौतिक कारणही होते. तीन-चार सेंटिमीटरची फिल्म कागदी पाकिटात ठेवली जाई. धुण्याच्या प्रक्रियेत घाई झाली असेल तर ती काही वर्षांत तपकिरी पडे, आणि मुंबईच्या दमट हवेत तिच्यावर बुरशीही चढे. अंकीय चित्राला यांपैकी कोणताही धोका नाही. तरीही ते दवाखान्याच्या संगणकातच राहिले, तर रुग्णाच्या दृष्टीने ते हरवल्यासारखेच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानाने नोंदी रुग्णासोबत फिरण्याची व्यवस्था तत्त्वतः उपलब्ध केली आहे. परंतु चित्राची प्रत आपल्या भ्रमणध्वनीत किंवा ई-मेलवर मागून घेण्यासाठी रुग्णाला त्या व्यवस्थेची वाट पाहण्याचीही गरज नाही.

याची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. किरणांच्या भीतीने आवश्यक चित्र नाकारणे हेही तितकेच अनिष्ट आहे. मुळाच्या उपचारात, अक्कलदाढ काढताना किंवा हाडातील संसर्गाच्या संशयात चित्राविना केलेला उपचार रुग्णाला अधिक महागात पडू शकतो. याउलट, महाराष्ट्रात तंबाखूसेवनामुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाची प्रारंभिक लक्षणे श्लेष्मल त्वचेवर दिसतात. ती दातांच्या क्ष-किरणचित्रात दिसत नाहीत. तेथे उजेडात उघडलेले तोंड आणि प्रशिक्षित नजर यांचाच उपयोग होतो. नियमित चित्र काढले म्हणजे संपूर्ण तपासणी झाली, हा समज दोन्ही बाजूंनी घातक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, ठराविक काळाने चित्र काढण्याची प्रथा मोजमापातून नव्हे, तर एका मागे पडलेल्या सिद्धान्तातून आणि प्रतिबंधाच्या प्रामाणिक हेतूतून रूढ झाली. दोन, १९८७ नंतरच्या मार्गदर्शिकांनी दिनदर्शिकेची जागा कारणाला दिली. 'सर्वांसाठी सहा महिने' या उत्तराला आज शास्त्रीय आधार नाही. तीन, रुग्णाला कायद्याची मात्रामर्यादा नसल्याने त्याचे संरक्षण दंतवैद्याच्या विवेकावर आणि पूर्वीच्या नोंदीवर अवलंबून आहे. चार, अंधेरीसारख्या स्थलांतरशील उपनगरात यांपैकी दुसरा आधार विशेष कमकुवत आहे.

म्हणून 'कितीदा' या प्रश्नाला एकच आकडा सांगण्यापेक्षा प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारले जाणे अधिक उपयुक्त ठरेल. या चित्राने उपचारात कोणता निर्णय बदलणार आहे? आणि यापूर्वीचे चित्र कोठे आहे? महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने यात एक व्यावहारिक कार्यही आहे. महाविद्यालयांतून होणाऱ्या आरोग्य तपासणी शिबिरांत विद्यार्थ्यांना हे दोन प्रश्न शिकवावेत आणि आपल्या चित्रांची प्रत जपून ठेवण्याची सवय लावावी. त्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची वा निधीची आवश्यकता नाही. अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्या कुटुंबाकडे जुन्या चित्राची प्रत असेल, तर छत्तीस महिन्यांचे अंतर त्यांच्या बाबतीतही पाळता येईल.